नऊ नंबर की एकतीस

१२ मे, सोमवार

चाळीस आले. पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लास्टिकच्या चार ताटल्या, एकेकीत दहा. चाळीसही प्रोसेसरांच्या पाठीवर एकच नाव, एकच आकडा. दुकानातून घेणाऱ्या गेमिंगवाल्या पोरांना वाटतं सगळे सारखेच. सारखे कुठले! एका आईची चाळीस पोरं. त्यातलं एखादं पळणारं निघतं, बाकीची जेवून झोपणारी.

या चाळिसातून आम्हाला एक निवडायचाय. सात जूनला तैपेईतल्या नानकांगच्या हॉलमधे अंतिम फेरी आहे. चार संघ, एक तास, आणि प्रत्येकाने आपला प्रोसेसर किती वेगात पळवला त्याचा एक आकडा. त्या वेगात खेळातलं एक दृश्य तीन मिनिटं न अडकता चाललं पाहिजे, तरच आकडा धरतात.

आईला अजून कळलेलं नाही मी काय काम करते. आज फोनवर परत सांगितलं, की कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगाच्या वर त्याला पळवायचं, मरेपर्यंत नाही, मरणाच्या जरा अलीकडेपर्यंत. ती म्हणाली, "आणि याचा पगार देतात तुला?"

पगाराचंच तर चाललंय. विभागाच्या प्रमुख चुआंग मॅडम सकाळी टेबलापाशी येऊन उभ्याउभ्याच सांगून गेल्या, "पहिल्या दोघांत आलात तर टेबल राहील." नाहीतर काय, ते बोलल्या नाहीत, पण सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. नाहीतर मी तक्रारींच्या फोनवर बसून लोकांना विचारणार, मशीन एकदा बंद करून चालू केलंत का. आणि क्वानदादा घरी. हे खिडकीजवळचं टेबल त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः मांडलंय. मी त्यांच्या हाताखाली आले त्याला सात वर्षं झाली.

दादा म्हणाले, "या खेपेला तू वाच, मी ऐकतो."

आजवर स्क्रीन ते वाचायचे आणि मी रजिस्टरमधे लिहायची. आता वाचायचंही मी आणि लिहायचंही मी. बढती म्हणायची की कारकुनी, देव जाणे.

१५ मे, गुरुवार

बावीस झाले. कामाची पद्धत अशी. मी प्रोसेसर बसवते, वरून पाण्याचं कूलर लावते, सगळ्यांना एकाच वेगात पळवते आणि बघते कोण कमी विजेत भागवतो आणि कोण किती तापतो. दादांची बोटं मदरबोर्डावरच्या बटणांवर. एक बटण वेग वाढवायचं, एक कमी करायचं. मी आकडे ओरडते, ते मान हलवतात.

नऊ नंबर! कमी वीज, थंड डोकं, आणि वाढवत गेलं तरी कुरकुर नाही. असा नग मी सात वर्षांत पाहिला नाही. मला टेबलाभोवती एक फेरी मारावीशी वाटली. दादा म्हणाले, "कळलं. पुढचा घे."

पुढचा घेताना त्यांचा हात माझ्या चहाच्या कपाला लागला. चहा रजिस्टरवर. वर मलाच सांगतात, "पेइ-शान, कपाची एक जागा ठरव. डावा कोपरा. रोज तिथेच ठेवायचा." सात वर्षं कप कुठेही चालत होता. आता शिस्त लागली.

आणि हल्ली प्रोसेसर बसवतच नाहीत. सॉकेटातल्या तारा केसाएवढ्या बारीक, एक वाकली की बोर्ड गेला. म्हणतात, "तू बसव. माझा हात जड झालाय." हात कसला जड. आळस.

१९ मे, सोमवार

आज एकतीस नंबर म्हणजे नुसता वैताग. वेग बरा, पण तापतो किती. मी सरळ परत पाठवायच्या ताटलीत टाकला.

"किती तापला?" दादांनी विचारलं. सांगितलं.

"काढ परत बाहेर. तापट पोरगं थंडीत शहाणं होतं कधीकधी."

काढला. त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

२१ मे, बुधवार

द्रव नायट्रोजन आला. निवडून काढलेले सहा प्रोसेसर आज थंडीत घातले. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचं उंच भांडं, त्यात थर्मासने नायट्रोजन ओतायचा, बोर्डाला चित्रकलेचं मऊ खोडरबर थापायचं, म्हणजे दवाचं पाणी आत जात नाही. भांड्याला तापमानाचं मीटर. सगळा खेळ ओतणाऱ्याच्या हाताचा. कधी धार, कधी थेंब. दादांसारखं ओतणारा तैपेईत दुसरा नाही, हे मी त्यांच्यावर चिडलेली असतानाही लिहीन.

काही प्रोसेसर थंडीला भितात. एका मर्यादेच्या खाली गेलं की स्क्रीन काळी. काही पोटभर पितात, भांडं काठोकाठ भरलं तरी चालतात.

नऊ नंबर भित्रा निघाला. उणे एकशे अठ्ठावन्नच्या खाली मरतो. एकशे बावन्नच्या वर गेलं की धाप लागते. पण त्या मधल्या सहा अंशांत त्याला नीट धरला ना, तर सात हजार दोनशे चाळीस मेगाहर्ट्झ! दादांनी ओतलं, मी मीटर वाचलं, "एकशे पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, बास." दादा घामाघूम झाले होते. एवढा घाम त्यांना कधी आलेला पाहिला नाही. दोनदा मी "बास" म्हणायला उशीर केला आणि दोन्हीदा नऊ मेला. यांना काय मीटर दिसत नव्हतं? माझ्यावर ढकलायचं सगळं.

एकतीस पोटभर पितो. भांडं भरून टाकलं, उणे एकशे नव्वद, गप्प बसून पळतो. पण सात हजार एकशे ऐंशी.

साठचा फरक. यात विचार तो काय करायचा? मी रजिस्टरमधे नऊभोवती लाल गोल काढला.

दादा थर्मास खाली ठेवून म्हणाले, "एकतीस."

मला वाटलं, गंमत करताहेत. "दादा, नऊ."

"एकतीस. त्याला अजून शिकवू, दहावीस वाढेल."

"दहावीस वाढून काय डोंबल होणार? कोरियावाले सात हजार अडीचशेच्या आसपास आहेत, इथल्याच दुसऱ्या कंपनीचे निळे शर्टवाले सात हजार दोनशेच्या. नऊवर आपण दुसरे तरी नक्की."

"नऊला सहा अंशांत धरून तीन मिनिटं ओतायचंय. स्टेजवर. दिवे तोंडावर."

"मग? तुम्हाला येत नाही का?"

असं बोलायला नको होतं. ते माझ्या कानाकडे बघत राहिले. कानाकडेच, तोंडाकडे नाही. हल्ली हे नवीनच निघालंय, माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. नजर भिडवता येत नाही तेव्हा माणूस असं करतो.

२३ मे, शुक्रवार

आता कळलं नजर का भिडत नाही.

दादांनी अर्धा दिवस रजा घेतली, दात दुखतोय म्हणून. मी खोडरबर आणायला मोठ्या इस्पितळासमोरच्या गल्लीत गेले. तिथल्या नूडल्सच्या दुकानात दारातच बसलेले, दादा आणि ओउयांग. निळ्या शर्टवाल्यांचा ओउयांग! मी येण्याआधी तो दादांचाच चेला होता, मग तिकडे गेला. ज्या माणसाला पंधरा दिवसांनी आम्हाला हरवायचंय त्याच्याबरोबर बीफ नूडल्स.

आणि थाट काय. टेबलावरच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने खुणा कोण करतंय, तर ओउयांग. एकेक पदार्थ वाचून दाखवतोय आणि हे मान हलवताहेत. एवढ्याशा चिठ्ठीवर खूण करायलाही साहेबांना माणूस लागतो. जेवण झाल्यावर ओउयांगने त्यांना कोपराला धरून रस्ता ओलांडून दिला. जावयालासुद्धा कोणी एवढं करत नाही.

म्हणजे दादांचं तिकडे ठरलंय. आम्ही हरलो की टेबल जाणार, हे घरी बसणार नाहीत, निळा शर्ट घालणार. म्हणून एकतीस.

आजपासून "म्हणाले" लिहायची माझी इच्छा नाही. म्हणाला.

२७ मे, मंगळवार

मुद्दाम करतोय. आता शंका उरली नाही.

मशीनवर मक्याच्या खाऊचं पाकीट ठेवायचं असतं, हिरवं. हिरवं म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं. पिवळं ठेवलं तर बंद पडतं. या शहरात बँकेपासून इस्पितळापर्यंत कुठल्याही मशीनवर बघा, पिवळं ठेवणारा माणूस मिळणार नाही. शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही.

दादाने आज येताना दुकानातून पाकीट आणलं आणि स्वतःच्या हाताने आमच्या मशीनवर ठेवलं. पिवळं.

मी बघतच राहिले. म्हटलं, "दादा, हे काय?"

"पाकीट. तारीख बघ जरा, मुदत संपलेली नको."

"रंग बघितलात का?"

त्याचा हात पाकिटावर गेला. मग पाकीट उचलून खिडकीपाशी नेलं, मान तिरकी करून एका बाजूने त्याच्याकडे बघितलं आणि खिशात कोंबलं. "घाईत चुकलं," म्हणाला. कान लाल झाले होते. पकडला गेला की होणारच.

दुपारी मी स्वतः जाऊन हिरवी दोन आणली.

२९ मे, गुरुवार

आज मी जे केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिण्यासारखं नाही.

एकतीसला "शिकवायचं" चाललं होतं. दादा भांडं भरत होता, बटण दाबून पाचदहाने वेग वाढवत होता, मी खेळाचं दृश्य चालवत होते. आवाज नसतो, नुसती स्क्रीन. एकशे ऐंशी, पास. पंच्याऐंशी, पास. नव्वद, पास. सात हजार दोनशेला तीन मिनिटं पूर्ण झाली, हिरवी अक्षरं आली आणि मी म्हटलं, "अडकलं."

तोंडातून आपोआप गेलं. तो माझ्या शेजारी उभा होता, स्क्रीन दोन हातांवर. मला वाटलं आता ओरडेल, "अडकलं कुठे, डोळे फुटले का?" मी उत्तर तयारच ठेवलं होतं, की चुकून बोलले.

तो म्हणाला, "परत चालव."

परत चालवलं. परत हिरवी अक्षरं. आता माघार कशी घेऊ? "परत अडकलं."

"बरं. तू म्हणतेस तर अडकलं असेल."

असा टोमणा मारला आणि एवढ्यावर सोडून दिलं! मी रजिस्टरमधे लिहिलं, एकतीस, सात हजार एकशे नव्वद. ते पान त्याच्यासमोर धरलं. त्याने पानाकडे बघून मान डोलावली.

त्याला सगळं दिसलं आणि तो गप्प बसला. म्हणजे आकड्यांशी त्याला काही देणंघेणंच नाही. वर म्हणतो, "ठीक आहे. तरी एकतीसच."

खोटं बोलले याचं वाईट वाटतंय. पण खरं बोलून तरी काय झालं असतं?

३ जून, मंगळवार

दोन दिवस मला ओतायला लावतोय. "तू ओत, मी ऐकतो." आणि खरंच डोळे मिटून उभा राहतो. मी थर्मास वाकवते आणि हा डोळे मिटून सांगतो, "जास्त झालं. आवाज ऐक. तव्यावर पाणी पडल्यासारखं चरचरतंय ना, तोवर भांडं गरम आहे. चरचर बसली की हात आवर."

"मीटर आहे की समोर."

"मीटर तू बघ. तू तरी बघ." मग जरा वेळाने, "हात छान आहे तुझा. धीर नाही."

सात वर्षांत हाताचं पहिलं कौतुक. कधी, तर निघून जायच्या आधी. चाव्या हातात देऊन जाणाऱ्या भाडेकरूसारखं.

मी विचारलंच. "दादा, सात तारखेनंतर तुम्ही कुठे?"

"बघू. आधी एकदा नीट भरून ओतायचंय मला. सगळ्यांसमोर, चूक न करता. एकदाच."

६ जून, शुक्रवार

दुपारी नानकांगच्या हॉलमधे मशीन मांडलं. आमचं टेबल तिसरं, शेजारी ओउयांग. त्याने हात केला, मी केला नाही.

डबीत दोन प्रोसेसर होते, कडेला मार्करने लिहिलेले, ९ आणि ३१. दादा पाठ करून पंख्याच्या वायरी लावत होता. "बसवलास का एकतीस?"

"बसवते."

मी नऊ बसवला. वर पेस्ट, वर भांडं, भोवती खोडरबर. आता उघडल्याशिवाय कोणाला कळणार नाही.

माझं गणित पक्कं आहे. उद्या सुरू झालं की त्याला सांगेन, नऊ आहे. तेव्हा बदलायला वेळ नसेल. मीटर डोळ्यांसमोर असतं, एकोणीस वर्षांचा हात आहे, सांभाळेल. सांभाळावंच लागेल, शेकडो लोक बघत असतील. इज्जत तर त्यालाही आहे. आणि टेबल वाचलं की मग मला काय शिव्या घालायच्या त्या घालू दे.

आईचा फोन आला होता. म्हणाली, "तुझा आवाज असा का?" म्हटलं, एसी.

८ जून, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

दोन वाजता सुरू झालं. दिवे तोंडावर, लाउडस्पीकरचा दणदणाट, पुढच्या रांगेत चुआंग मॅडम. दादांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, थर्मास चाचपला, बटणं चाचपली. त्यांनी नवा शर्ट घातला होता, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. मशीन चालू झालं आणि ते ओतायला लागले. एकशे वीस, एकशे तीस, एकशे चाळीस. मी वाचत होते. चाळीसला मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "दादा, आत नऊ आहे." तेवढ्यात बाजूच्या टेबलावर काहीतरी झालं आणि सगळा हॉल ओरडला. त्यांना ऐकूच गेलं नाही. धार तशीच.

"एकशे पन्नास. दादा, हळू. पंचावन्न. मीटर बघा! मीटर बघा ना!"

त्यांनी भांडं भरून टाकलं. शांतपणे, काठापर्यंत, थेंब बाहेर न सांडता. हात जराही हलला नाही. स्क्रीन काळी.

त्यांनी चालू करायचं बटण दाबलं. काळीच. "किती?"

"एकशे पंच्याऐंशी."

"एकतीस इथे मरत नाही." मग ते माझ्या कानाकडे वळले. "पेइ-शान, आत कोण बसलंय?"

"नऊ."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. निवेदक माइक घेऊन आमच्याकडे धावला होता, काय झालं विचारायला, आणि माइक आमच्या दोघांच्या मधे होता तेव्हाच दादा म्हणाले, "मला मीटर दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही, पोरी. दोन वर्षं होत आली. मधोमध काहीच नाही, कडेकडेने दिसतं थोडं. म्हणून एकतीस मागितला होता. त्याला बघावं लागत नाही."

हे सगळ्या हॉलने ऐकलं. लाउडस्पीकरमधून. चुआंग मॅडमनी ऐकलं. दादांनी दोन वर्षं ऑफिसात कोणालाही सांगितलं नव्हतं ते मी हजार माणसांना ऐकवलं. चहा, चिठ्ठी, पाकीट, माझा कान, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसलं आणि मी तिथेच खाली बसले.

दादांनी मला दंडाला धरून उठवलं. "बावीस मिनिटं आहेत. एकतीस बसवायला खोडरबर काढून परत थापायचं, तेवढ्यात वेळ जाईल. नऊच चालव. गॅसची छोटी शेगडी घे, भांडं गरम कर. तू ओतणार."

"माझ्याच्याने नाही होणार."

"रडायचंय तर रड, पण डोळे मीटरवर ठेव."

शेगडीच्या ज्योतीने भांडं तापवलं, पाणी पुसलं, मशीन जिवंत झालं. मी ओतत होते, ते भांड्याशी कान लावून उभे होते. "आता चमचाभर. थांब. थांब. आता." एक बोट बटणावर. वेग सात हजार एकशे पन्नास, ऐंशी, नव्वद. दोनदा मी घाई केली आणि दोनदा नऊ मेला, परत तापवा, परत उठवा. शेवटच्या चार मिनिटांत दादांनी पाच वाढवले आणि म्हणाले, "बास, आता चालव." तीन मिनिटं मी मीटरवरून डोळे हलवले नाहीत. हिरवी अक्षरं आली.

सात हजार एकशे पंच्याण्णव.

कोरियावाले सात हजार दोनशे साठ. ओउयांग दोनशे पाच. आम्ही तिसरे.

टेबल गेलं. मी घालवलं. मॅडम फक्त म्हणाल्या, "सोमवारी बोलू." दादांना लोक येऊन हात मिळवत होते, हळूहळू, मोठ्याने बोलत, जणू त्यांना ऐकूही येत नाही. ते हसून सगळ्यांना "हो, हो" म्हणत होते. मी वायरी गुंडाळत राहिले.

११ जून, बुधवार

वीस तारखेला टेबल उचलणार. सोमवारपासून मी तक्रारींच्या फोनवर बसते. दादा हिशेब पूर्ण करायला दोन दिवस येऊन गेले, मला एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणजे बोलतात, "जेवलीस का" वगैरे. त्याबद्दल नाही.

संध्याकाळी ओउयांग खाली दारात थांबलेला. "आमच्याकडे ये. ओतायला."

मी म्हटलं, "दयाबिया नकोय."

"दया कुणाला येते तुझी? दोन महिने झाले दादा मागे लागलाय माझ्या. डॉक्टरकडे नेलं की तेच, आणताना तेच. त्या दिवशी नूडल्स खाताना पण तेच. मी म्हटलं, हाताने चांगली असेल, पण फटकळ आहे. तर म्हणतो, फटकळ आहे, पण आकडा कधी खोटा सांगणार नाही. मी तिच्या डोळ्यांनी बघतो, म्हणाला."

मी मागे वळले. जिना चढून वर आले आणि रजिस्टर काढलं. एकोणतीस मेचं पान. माझंच अक्षर, एकतीस, सात हजार एकशे नव्वद.

त्याने पानाकडे बघून मान डोलावली, असं मी दादांबद्दल इथे लिहून ठेवलंय. त्याला सगळं दिसलं, असंही लिहून ठेवलंय.

२० जून, शुक्रवार

सकाळी दादा आले, काठी घेऊन. पहिल्यांदाच काठी. म्हणाले, "नायट्रोजन उरलाय ना अर्धी टाकी? फुकट कशाला घालवायचा. एकतीस बसव."

उचलणारी माणसं दुपारी येणार होती. मी एकतीस बसवला आणि भांडं लावण्याआधी त्यांना बोटाने कडेचा मार्कर चाचपायला लावला. ते म्हणाले, "मार्कर काय चाचपून कळतो का?" आणि हसले. चहाचा कप मी डाव्या कोपऱ्यात ठेवला होता.

त्यांनी ओतलं. खिडकीतून उजेड भांड्यावर येत होता, वाफ टेबलावरून खाली उतरत होती. काठोकाठ. मग बटण. मी वाचत गेले. एकशे नव्वद, पास. पंच्याण्णव, पास. दोनशेला हिरवी अक्षरं आली.

"दोनशे?" ते थांबले. "इथे अडकत होतं ना?"

"पास आहे."

त्यांनी बटण दाबलं. पाच वाढवले, पास. दहा, पास. सात हजार दोनशे पंधराला तीन मिनिटं पूर्ण झाली. ओउयांगच्या वर दहा. दुसरा नंबर, टेबलासकट, त्या एकाच डबीत होता.

"किती?" दादांनी विचारलं.

त्यांना फक्त काठाकाठाने धूसर दिसतं. मी "अडकलं" म्हटलं असतं तर अडकलं असतं. त्यांनाही बरं वाटलं असतं, की नाहीतरी हरलोच असतो.

"सात हजार दोनशे पंधरा," मी म्हटलं. "पास. आणि एकोणतीस मेला दोनशेलाही पास होतं. दोन्ही वेळा. मी खोटं सांगितलं. तुम्ही एकतीस सोडावा म्हणून."

चेहरा उतरताना बघितला मी त्यांचा. ते पाठमोरे होऊन खिडकीपाशी गेले. भांड्यातली चरचर केव्हाच बसली होती, नुसता बारीक आवाज येत होता. मला वाटलं आता काठी उचलून जातील, आणि जायलाच हवं होतं.

"रजिस्टरमधे काय लिहिलंयस?"

"एकशे नव्वद."

"खोड ते."

खोडलं. खरा आकडा लिहिला.

"वाच."

"एकतीस, सात हजार दोनशे पंधरा."

"परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं, तेव्हाही वाचलं. मग ते परत टेबलाशी आले, हाताने चाचपत थर्मास घेतला आणि दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवलं.

"मला राग आलाय," दादा म्हणाले. "तो राहील काही दिवस. पण टाकीत अजून आहे. पाच वाढवतोय. स्क्रीनकडे बघ आणि दिसतं ते सांग."

नायट्रोजन संपेपर्यंत ते ओतत होते आणि मी वाचत होते.